जपानी कटलेटच्या लहान खानावळीत जेवताना

जपानातील लहान खानावळी बहुधा एकेका पदार्थाला वाहिलेल्या असतात. सोबाच्या शेवया करणारा आयुष्यभर शेवयाच करतो, वाम भाजणारा वामच भाजतो, आणि डुकराच्या मांसाचा बोटभर जाडीचा काप पीठ, अंडे व पावाचा चुरा यांत क्रमाने घोळवून तळणारा आपली सारी उमेद व सारे कौशल्य त्या एका कापावर खर्च करतो. या तळलेल्या कापाला तिकडे तोनकात्सु म्हणतात. भात, मिसोचे कढण, केसासारखा बारीक चिरलेला कच्चा कोबी आणि लोणच्याच्या दोनचार फोडी यांच्यासह तो पुढे येतो, आणि अशा सिद्ध ताटाला तेइशोकु असे नाव आहे. नामांकित उपाहारगृहांत या ताटाचे बरेच पैसे पडतात खरे. परंतु गल्लीबोळांतील आठ-दहा आसनांच्या खानावळीत दुपारच्या वेळी हजार ते दीड हजार येनांत, आणि शहरोशहरी शाखा असलेल्या स्वस्त भोजनगृहांत त्याहूनही कमी पैशांत, बेताच्या ऐपतीचा विद्यार्थीही पोटभर जेवू शकतो. नोकरीच्या, शिक्षणाच्या अथवा प्रवासाच्या निमित्ताने तिकडे जाणाऱ्या मराठी वाचकांना अशा खानावळीचा उंबरठा निःसंकोच ओलांडता यावा, यासाठी हा लेख लिहिला आहे.

या खानावळींतील रीतिरिवाज नवख्याला प्रथम काहीसे कडक वाटतात. तेथे रेंगाळू नये, एका ताटात दोघांनी जेवू नये, ताट समोर आल्यावर बोलत बसू नये, अशी अपेक्षा असते, आणि ती कोणी तोंडाने सांगत नाही. परंतु थोडा विचार केला असता ध्यानात येते, की या बहुतेक अपेक्षांच्या मुळाशी एकच कारण आहे: काप तयार होण्याची घटिका आणि तो खाण्याची घटिका या दोहोंत अंतर पडू नये. तळलेल्या चुऱ्याचा कुरकुरीतपणा आणि आतील मांसाचा ओलावा हे एकमेकांचे वैरी होत. आतली वाफ बाहेर पडू लागली की वरचे कवच मऊ पडू लागते, आणि ज्या गुणासाठी आचाऱ्याने सकाळपासून खटपट केली तो गुण दहा-पंधरा मिनिटांत नाहीसा होतो. हे कारण एकदा मनात ठसले, म्हणजे कोणते वर्तन उचित आणि कोणते अनुचित याची वेगळी यादी पाठ करण्याची गरज उरत नाही.

या पदार्थाचा इतिहास ठाऊक असला तर ताटातील प्रत्येक वस्तू तेथे का आली हेही उमगते. इसवी सन ६७५ मध्ये सम्राट तेम्मू याने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस वर्षातील ठरावीक महिन्यांत खाण्यास मनाई करणारे फर्मान काढले. पुढे बौद्ध धर्माच्या प्रभावाने पाळीव चतुष्पादांच्या मांसाविषयी समाजात एक प्रकारचा निषेधभाव रुजला, आणि तो, पळवाटा व अपवाद जमेस धरूनही, शतकानुशतके टिकून राहिला. १८७२ साली सम्राट मेइजी याने मांस भक्षण केल्याची वार्ता जाहीर झाली, आणि पाश्चात्त्य आहाराला राजमान्यता मिळाली. तोक्योच्या गिन्झा भागात १८९५ साली निघालेल्या रेंगातेई या उपाहारगृहाकडे डुकराच्या मांसाच्या कटलेटचे श्रेय दिले जाते: लोण्यात परतून मग भट्टीत शिजवण्याची युरोपीय रीत बाजूला ठेवून, १८९९ च्या सुमारास, तेंपुराप्रमाणे भरपूर तेलात बुडवून काप तळण्याची पद्धत त्यांनी सुरू केली. रशिया-जपान युद्धाच्या काळात कामकरी माणसे लष्करात भरती झाल्यामुळे शिजवलेल्या भाज्या रांधण्यास हात अपुरे पडू लागले, म्हणून त्यांऐवजी कच्चा कोबी चिरून वाढण्याची तजवीज झाली, असे सांगतात. अडचणीतून निघालेली ती तोड इतकी चपखल ठरली, की आज कोबीवाचून तोनकात्सुची कल्पनाच करवत नाही. पुढे १९२९ च्या सुमारास उएनोजवळच्या पोंचिकेन या दुकानात काप अधिक जाड झाला, असे मानतात, आणि सुरीकाट्याऐवजी चॉपस्टिकने खाता यावा म्हणून स्वयंपाकघरातच त्याचे तुकडे करून तो वाढण्याचा शिरस्ता पडला. वाचकांनी लक्षात ठेवावे ते हे शेवटचे. काप आधीच कापलेला असल्यामुळे त्याच्या प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही बाजू उघड्या असतात, आणि वाफेला व रसाला बाहेर पडण्यास वाट मोकळी असते. घाई का करावयाची, याचे उत्तर तेथेच आहे.

आता एका नाजूक बाबीविषयी स्पष्ट लिहिणे मी माझे कर्तव्य समजतो. आपल्यापैकी अनेक जण धर्माने, कुलाचाराने अथवा स्वतःच्या निश्चयाने डुकराचे मांस खात नाहीत, आणि पुष्कळ जण मांसच खात नाहीत. अशांनी या खानावळीत तडजोडीचा मार्ग शोधू नये, कारण तो तेथे नाही. यादीत कोंबडीचा काप असतो, मोठ्या कोळंबीचा असतो, आजी नावाच्या मासळीचा असतो, हिवाळ्यात कालवांचाही असतो. परंतु बहुतेक ठिकाणी हे सारे एकाच कढईत तळले जाते, आणि कित्येक जुन्या दुकानांत त्या कढईतील स्निग्ध पदार्थ तेल नसून डुकराची चरबी असते. बटाट्याचे कोरोक्के पाहून शाकाहारी माणसाचा जीव भांड्यात पडतो, पण त्यातही बहुधा खिमा मिसळलेला असतो. ताटातील कढणही निर्धोक नव्हे: मिसो जरी सोयाबीनचे, तरी त्याचे पाणी वाळवलेल्या बोनितो मासळीच्या अर्काचे असते, आणि काही खानावळींत तर साध्या कढणाऐवजी तोनजिरु, म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे घातलेले कढण देतात. कचेरीतील सहकाऱ्यांनी आग्रहाने नेलेच, तर शाकाहारी माणसाने आपला नियम आरंभीच नम्रपणे सांगून भात, कोबी व लोणचे एवढ्यावर भागवावे. मात्र छोट्या दुकानात एक आसन अडवून असे अर्धपोटी बसण्यापेक्षा, दुसऱ्या ठिकाणी भेटण्याचे ठरवणे उभयपक्षी सोयीचे. ज्यांना गहू अथवा अंडे वर्ज्य आहे त्यांनाही हे ठिकाण नाही, कारण कवच त्या दोहोंचेच बनलेले असते.

ज्यांना हरकत नाही त्यांनी वेळ साधून जावे. दुपारचे जेवण बहुतेक ठिकाणी साडेअकराच्या सुमारास सुरू होते, आणि बारा वाजले की आसपासच्या कचेऱ्यांतील माणसे लोटतात. म्हणून अकरा-सव्वाअकराला दाराशी उभे राहावे किंवा एक टळून गेल्यावर जावे. दुपारी दोन-अडीचनंतर लहान खानावळी बंद होतात व संध्याकाळी पाच-साडेपाचला पुन्हा उघडतात. दारावर नोरेन, म्हणजे कापडी पडदा, बाहेर टांगलेला असेल तर दुकान चालू आहे असे समजावे. तो आत घेतलेला दिसला, तर आत माणसे जेवत असली तरी आपल्यासाठी वेळ संपली आहे. दिवसाचे मांस संपले की वेळेआधीही पडदा आत जातो, आणि त्याबद्दल हुज्जत घालण्यात अर्थ नसतो. रांग असेल तर भिंतीला लागून उभे राहावे, शेजारच्या दुकानाचे दार अडवू नये, आणि आपल्या सोबतची सर्व माणसे आल्यावरच रांगेत शिरावे. पाच-सहा जणांच्या घोळक्याने अशा जागी जाणे मला मुळीच प्रशस्त वाटत नाही. दोघे गेले तर सुखाने शेजारी बसता येते, एकट्याने गेले तर त्याहून लवकर जागा मिळते, आणि एकट्याने जेवणे हे तिकडे यत्किंचितही संकोचाचे मानत नाहीत.

स्वस्त भोजनगृहांत दाराशीच तिकिटाचे यंत्र असते. त्यात आधी पैसे घालावेत, मग चित्र पाहून कळ दाबावी, तिकीट व उरलेली मोड घ्यावी आणि तिकीट काउंटरवर द्यावे. मोठ्या कंपन्यांच्या शाखांतील यंत्रांवर बहुधा इंग्रजीची सोय असते. जुनी यंत्रे केवळ नाणी व हजार येनांची नोट घेतात, आणि जुलै २०२४ मध्ये चलनात आलेल्या नव्या नोटा काही यंत्रे स्वीकारीत नाहीत, म्हणून जवळ सुटी नाणी बाळगावीत. वृद्ध दांपत्याने चालवलेल्या दुकानात यंत्र नसते आणि कित्येकदा कार्डही चालत नाही. तेथे रोख रकमेवाचून जाऊच नये.

काय मागवावे, हा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही, कारण निवड मुख्यतः दोहोंतच असते. रोसु म्हणजे पाठीकडचा काप. त्याच्या एका कडेला चरबीची पांढरी पट्टी असते, आणि चव बरीचशी त्या पट्टीतच साठलेली असते. हिरे म्हणजे पाठीच्या कण्याखालचा मऊ, चरबीहीन भाग. तो पचनाला हलका आणि किमतीने थोडा अधिक. प्रथमच जाणाऱ्याने रोसु मागवावा असे माझे मत आहे, कारण आचाऱ्याचा खरा कस त्यात लागतो: चरबी आणि मांस यांच्या मधली शीर जागोजाग कापली नाही तर काप तेलात आक्रसून वाकडा होतो, आणि चरबी नीट न शिजली तर ती दातांखाली रबरासारखी लागते. एकाच प्रकारात साधा व ‘जो’, म्हणजे वरच्या दर्जाचा, असे भेद असतात, आणि काही ठिकाणी ग्रॅमांवर किंमत ठरते. साध्या ताटातील शंभर ते दीडशे ग्रॅमांचा काप मध्यम भुकेच्या माणसाला पुरेसा होतो. काळ्या डुकराचे, विशेषतः कागोशिमाकडचे, मांस यादीत असेल तर त्याचा दर जास्त असतो. मांसाचे भेद जिभेला परिचयाचे होईपर्यंत तो खर्च न केला तरी चालेल.

जागा मिळाली आणि ती काउंटरपाशी असेल, तर आपण भाग्यवान आहोत असे समजावे. गरम ओल्या रुमालाने हात पुसावेत, पिशवी पायांशी ठेवलेल्या टोपलीत टाकावी, आणि आचाऱ्याकडे पाहावे. तोक्योच्या पूर्वेकडील एका वस्तीत अशाच एका दुकानात बसून मी हे काम पुष्कळदा न्याहाळले आहे. साठी ओलांडलेले ते गृहस्थ मांसाच्या तुकड्यावर सुरीच्या पाठीने हलके ठोके देत, मीठ-मिऱ्याची चिमूट टाकत, पिठात लोळवून जास्तीचे पीठ थोपटून झाडीत, अंड्यात बुडवीत, आणि मग ताज्या पावाच्या ओलसर चुऱ्याच्या ढिगात ठेवून तळहाताने इतके हळू दाबीत, की चुऱ्याची पाती मोडू नयेत आणि तरी निसटूही नयेत. कढईत सोडल्यावर ते त्याकडे फारसे पाहत नसत, ऐकत असत. आरंभी बुडबुडे मोठे व आवाज जड असतो. आतील पाणी कमी होत जाते तसतसे बुडबुडे बारीक होतात आणि आवाज किरटा व हलका होत जातो. तो पालट होताच ते काप उचलून जाळीवर उभा करून ठेवीत, आणि सुरीला हात न लावता मिनिट-दोन मिनिटे थांबत. जाड काप कढईत पूर्ण शिजवू गेल्यास बाहेरून करपतो; म्हणून शेवटची शिजवण त्याच्या स्वतःच्याच उष्णतेने जाळीवर व्हावी लागते. त्यानंतर सुरीचे पाच-सहा घाव, आणि प्रत्येक घावाबरोबर कवचाचा स्पष्ट, कोरडा आवाज.

या साऱ्याला दहा ते पंधरा मिनिटे लागतात, आणि मागणीशिवाय चांगली खानावळ काप आधी तळून ठेवीत नाही. ‘अजून किती वेळ’ असे विचारू नये. वाट पाहताना काही ठिकाणी लहान खल व भाजलेले तीळ देतात. तीळ अर्धवट कुटावेत, अगदी पूड करू नये, आणि त्यात सॉस ओतून ठेवावा.

ताट समोर आले की दूरध्वनी बाजूला ठेवावा. छायाचित्र घ्यावयाचे असेल तर एक घ्यावे, तेही इतर ग्राहक त्यात येणार नाहीत असे. ‘इतादाकिमासु’ असे हलक्या स्वरात म्हणून आरंभ करावा. प्रथम मधला एक तुकडा उचलावा आणि त्याची कापलेली बाजू पाहावी: मांस फिकट गुलाबी छटेचे, ओलसर आणि कवचाला घट्ट चिकटलेले असावे. हा पहिला तुकडा सॉस न लावता, असलाच तर मिठाचा कण लावून खावा, म्हणजे मांसाची मूळ गोडी व चुऱ्याचा भाजका वास कळतो. मग सॉसकडे वळावे. हा सॉस फळे, भाज्या व मसाले यांचा, गडद, दाट आणि आंबटगोड असतो, आणि नवख्यांकडून सर्वांत अधिक बिघाड होतो तो त्याच्याच बाबतीत, कारण ते तो सगळ्या कापावर एकदम ओततात आणि चौथ्या तुकड्यापर्यंत कवचाचा लगदा होतो. एका वेळी एका तुकड्याला, आणि तोही तोंडात घालण्याच्या आधी, सॉस लावावा. कुटलेल्या तिळांत बुडवून खाणे सर्वांत उत्तम. ताटाच्या कडेला पिवळी मोहरी असते, ती आपल्या कासुंदीहून बरीच तिखट व नाकात चढणारी असते; तिचा वाटाण्याएवढा अंश मांसाच्या बाजूला लावावा, सॉसमध्ये कालवू नये. लिंबाची फोड असेल तर रस कवचावर न पिळता मांसावर पिळावा. रोसुच्या टोकाचा, चरबी अधिक असलेला तुकडा मोहरीबरोबर फार छान लागतो, आणि हिरेला मीठ व लिंबू अधिक मानवते.

प्रत्येक तुकड्यानंतर कोबीचा घास घ्यावा. हा कोबी शोभेचा नाही. तेलकटपणाने जड झालेली जीभ त्याच्या थंड, पाणीदार कुरकुरीतपणाने पुन्हा ताजी होते, आणि पुढचा तुकडा पहिल्यासारखाच लागतो. त्यावर तोच सॉस किंवा टेबलावरचे दुसरे पातळ ड्रेसिंग घालतात. भाताची वाटी हातात उचलून खावी, कढणाचा पेला तोंडाला लावून प्यावा. त्यासाठी चमचा मिळत नाही व मागण्याचे कारणही नाही. चॉपस्टिक भातात उभ्या रोवून ठेवू नयेत, आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास देऊ नये. या दोन्ही क्रिया अंत्यविधीशी निगडित आहेत आणि पाहणाऱ्यांना क्लेश देतात.

अनेक खानावळींत भात व कोबी, आणि कोठे कोठे कढणही, पुन्हा विनामूल्य वाढून मिळते. त्यासाठी रिकामी वाटी किंचित उचलून ‘ओकावारी’ म्हणावे. सर्वत्र ही मुभा नसते, म्हणून आधी यादीत पाहावे किंवा विचारावे. आणि मिळालेला भात टाकू नये. ‘अर्धाच’ असे सांगितले तर अर्धाच मिळतो. एक ताट मागवून दोघांनी वाटून घेणे आपल्याकडे आपुलकीचे लक्षण असले, तरी येथे माणशी एक मागणी ही रीत पाळावी, कारण आठ आसनांच्या दुकानाचा संसार त्या आठ आसनांवरच चालतो. लहान मुलांसाठी वेगळे ताट बहुधा नसते. मूल फारच लहान असेल तर शाखांच्या भोजनगृहात जाणे बरे. ताटात उरलेले बांधून मागू नये. अन्न बिघडून कोणाला बाधा झाली तर त्याची जबाबदारी दुकानावर येते, म्हणून बहुतेक जण नकार देतात, आणि तो देताना त्यांनाच अधिक अवघडल्यासारखे होते.

जेवण संपले की चहाचा घोट घ्यावा आणि उठावे. बाहेर रांग असताना गप्पांसाठी आसन अडवणे हा तिकडे सर्वांत मोठा अविचार होय. अर्ध्या-पाऊण तासात सारे आटोपते. बिलाचा कागद टेबलावर उपडा ठेवलेला असतो, तो घेऊन दाराजवळच्या गल्ल्यापाशी जावे आणि पैसे हातात न देता समोरच्या लहान तबकात ठेवावेत. बक्षिसी देऊ नये. ठेवली तर दुकानदार ती परत करण्यासाठी रस्त्यापर्यंत धावत येण्याचा संभव आहे. निघताना आचाऱ्याच्या दिशेने ‘गोचिसोसामा देश्ता’ म्हणावे. माझ्या त्या पूर्वेकडील दुकानातील गृहस्थ कामात कितीही गढलेले असले, तरी या शब्दांवर मान वर करून उत्तर देत.

या ताटाची ओळख झाली म्हणजे त्याच्या भाऊबंदांकडे वळण्यास हरकत नाही. कात्सुदोन म्हणजे कांदा व अंड्याच्या गोडसर रसात शिजवून भातावर पसरलेला काप. तेथे कवच मऊच अपेक्षित असते, आणि स्वस्त भोजनगृहांत तो तेइशोकुपेक्षाही कमी दरात मिळतो. फुकुई प्रांतात अंड्याऐवजी सॉसमध्ये बुडवलेले पातळ काप भातावर देतात. नागोयात काळपट लाल मिसोचा दाट रस कापावर ओततात. तो पहिल्या घासाला उग्र वाटतो, पण भाताबरोबर त्याची रुची वाढत जाते. गाडीच्या प्रवासासाठी कात्सु-सांदो, म्हणजे मऊ पावात घातलेला काप, बांधून घ्यावा. उएनोजवळच्या इसेन या दुकानाने १९३५ साली तो प्रचारात आणला, आणि जवळच्या वस्तीतील गेइशांना ओठांचा रंग न बिघडवता खाता यावा म्हणून त्यासाठी लहान पाव मुद्दाम करवून घेतला, असे सांगतात. हा सांदो गार झाल्यावरही चांगला लागतो. तेथे बसून जेवल्यास दहा टक्के व बांधून नेल्यास आठ टक्के कर पडतो, म्हणून काय करणार ते मागणीच्या वेळीच सांगावे, आणि सांदो त्याच दिवशी संपवावा.